गाडीची नाडी, भाग ११ : तिरका साक्षीदार

जुलैतली दुपार. चाकांच्या सेन्सरबद्दलची गेल्या भागातली एक शंका उरली होती, ती विचारायला शिवडीच्या टी. जे. रोडलगतच्या गल्लीतल्या मेस्त्रींच्या गॅरेजात गेलो होतो. तेवढ्यात एक पांढरी सेडान आत शिरली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा : गाडीचं चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. गाडीच्या मालकांनी आधीच्या गॅरेजचं बिल पुढे केलं. "मेस्त्री, अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर नवाकोरा टाकलाय. चौथ्या दिवशी दिवा परत हजर."

"साहेब, पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरचा याच्याशी काडीचा संबंध नाही," असं म्हणत मेस्त्री स्कॅनरची वायर शोधायला लागले.

हा घोळ नेहमीचा आहे. बिलावर 'अ‍ॅक्सिलरेशन सेन्सर' लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला पेडल आठवतं. इथलं अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे शाळेत शिकलेलं त्वरण, आणि तेही आडवं. गाडी वळताना आपण बाहेरच्या दाराकडे लोटले जातो, ते किती, हे हा सेन्सर मोजतो. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला वळणावर धरून ठेवणारी जी यंत्रणा, ईएसपी, तिला हा आकडा लागतो. ही यंत्रणा १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी मिळून एस-क्लासमध्ये आणली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. दोन वर्षांनी स्वीडनमधल्या एका मोटार मासिकानं मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास चाचणीला घेतली. समोर अचानक जनावर आल्यावर झटकन वळवावी तशी ती वळवली, आणि गाडी उलटली. कंपनीला त्या छोट्या गाडीतही ईएसपी सरसकट द्यावं लागलं. तिथून ही चैन मध्यमवर्गाच्या गाडीत उतरली.

सेन्सरच्या पोटात सिलिकॉनचा, तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा असतो. त्यातला एक भाग केसाहून बारीक स्प्रिंगांवर अधांतरी असतो. बेस्टच्या बसमध्ये दांडीला लटकलेला माणूस वळणावर जसा कलतो, तसा तो सरकतो. त्याच्या दातेरी कडा शेजारच्या स्थिर दातांच्या जवळ येतात किंवा लांब जातात, आणि त्यानुसार विजेचा साठा बदलतो. तो बदल मोजला की त्वरण कळलं. पण या लटकलेल्या माणसाचे डोळे बांधलेले आहेत. बस वळतेय म्हणून आपण कललो की उभी बस एका अंगाला झुकलीय म्हणून, हे त्याला सांगता येत नाही. दोन्हींत त्याचं कलणं सारखंच. आजच्या गोष्टीतली सगळी मेख इथे आहे.

स्कॅनरवर कोड आला : आडव्या त्वरणाचा सिग्नल, 'अविश्वसनीय'. आधीच्या गॅरेजनं हाच कोड वाचला असणार आणि सेन्सर बदलला असणार. कोडमध्ये ज्याचं नाव तो गुन्हेगार, असं धरून चालणारे खूप आहेत. ईएसपीचं कंट्रोल युनिट मात्र तसं म्हणत नसतं. त्याच्याकडे तीन-चार साक्षीदार असतात आणि ते त्यांच्या जबान्या एकमेकांशी ताडून बघतं. समजा, गाडी ताशी ३६ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला १० मीटरनं, ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. मग गाडी स्वतःभोवती किती वेगानं फिरतेय ते सांगणारा सेन्सर सेकंदाला ०.२ रेडियन, म्हणजे साडेअकरा अंश, दाखवेल. या दोन आकड्यांचा गुणाकार २, म्हणून आडवं त्वरणही २ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवं. बाहेरची चाकं आतल्यांपेक्षा सुमारे तीन टक्के जास्त वेगानं फिरतील. स्टिअरिंगचा कोनही याला जुळेल. तिघांची जबानी जुळली आणि चौथ्याची जुळली नाही, की चौथ्याच्या नावानं कोड पडतो. चौथा खोटं बोलतोय, की त्याला उभंच चुकीच्या जागी केलंय, की त्याचा आवाज वाटेत वायरमध्ये अडकतोय, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं.

वायरीपासूनच सुरुवात केली, कारण शिवडीत ती करावीच लागते. एकीकडे खाडीची खारी हवा, दुसरीकडे पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की सखल गल्ल्यांत साचणारं पाणी. या गाडीचा सेन्सर मधल्या कन्सोलच्या बाजूला, कार्पेटखाली होता. मेस्त्रींनी कार्पेट उचललं तर खालचा फोम ओला. दाबला की पाणी निथळत होतं. पुराचं पाणी नव्हे. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली, म्हणून ते आत उतरत होतं. कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर नव्हता, तेवढं बरं. जुना सेन्सर बहुधा याच ओलीनं गेला असावा. तो आधीच्या गॅरेजनं भंगारात टाकलेला, त्यामुळे पडताळायची सोय नव्हती.

जुन्या गाड्यांत इथे मल्टीमीटरनं काम होतं : सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात का, अर्थिंग नीट आहे का, आणि सपाटीवर सिग्नलच्या तारेवर अडीच व्होल्ट येतात का. नव्या गाड्यांत सिग्नल 'कॅन' नावाच्या, कंट्रोल युनिटांना एकमेकांशी जोडणाऱ्या जोडतारांवरून आकड्यांच्या भाषेत जातो. तिथे मीटरनं फक्त पुरवठा, अर्थिंग आणि बॅटरी सोडवून दोन तारांमधला ६० ओहम रोध बघायचा. हे सगळं ठीक निघालं.

आता गाडी उभी, इंजिन बंद, चावी चालू. स्कॅनरवर आडवं त्वरण ०.९. शून्य हवं.

"रस्त्याला ढाळ असेल ना?" मी विचारलं.

"असेल. म्हणून तर फिरवून बघायची." मेस्त्रींनी गाडी गल्लीबाहेर नेऊन वळवली आणि त्याच जागी, तोंड उलट्या दिशेला करून उभी केली. गवंडी नवी पाणसळ विकत घेताना हेच करतो : एका भिंतीवर लावून बुडबुडा बघतो, मग टोकं उलटी करून परत बघतो. भिंत तिरकी असेल तर बुडबुडा भिंतीच्या त्याच टोकाकडे राहतो. पाणसळच चुकीची असेल तर तो पाणसळीबरोबर फिरतो. इथे ढाळच दोषी असता तर ०.९ चं उणे ०.९ झालं असतं. आकडा आला अधिक ०.५.

मी कागदावर मांडलं. दोन्हींची सरासरी ०.७. ती सेन्सरची, कारण ती गाडीबरोबर फिरली. बाकीचे ०.२ रस्त्याचे, दोन्ही वेळा उलट चिन्हाचे. ०.२ ला ९.८१ नं भागलं की दोन टक्के ढाळ येतो; पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला ठेवतात तेवढाच. म्हणजे रस्ता निर्दोष. पण ०.७ म्हणजे चार अंश! डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर असलेल्या गाडीत एका बाजूची चाकं दहा सेंटीमीटर खाली असायला हवीत. ते डोळ्यांना दिसलंच असतं.

अशा वेळी पुष्कळ जण म्हणतात, नवा सेन्सरही डुप्लिकेट निघाला. मेस्त्रींनी टॉर्च घेतला आणि जमिनीवर आडवे झाले. सेन्सरच्या पत्र्याच्या ब्रॅकेटला दोन पाय होते, अंतर सात सेंटीमीटर. एका पायाखाली ओल्या फोमचा चेपलेला तुकडा अडकला होता, जाडी पाच मिलिमीटर. गणित करून बघा : चार अंशांहून थोडं जास्तच. नवा सेन्सर अगदी प्रामाणिकपणे सांगत होता की मी तिरका आहे.

मालकांनी हुशारीचा प्रश्न विचारला. "मग कॉम्प्युटरमध्ये याच जागेला शून्य म्हणून का नाही सांगत?" तसं करणारे आहेत, आणि कॅलिब्रेशन स्वीकारलं गेलं तर दिवा विझतोही. पण फोम वाळतो, चेपतो, खड्ड्यागणिक हलतो. शून्य दर आठवड्याला नवं होणार. शिवाय सैल ब्रॅकेट थरथरतं, आणि ती थरथर सेन्सरला वळण वाटते.

फोम काढला, पत्रा पुसला, बाण गाडीच्या पुढच्या दिशेला आहे ना ते बघून बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले. ठोकाठोकी अजिबात नाही; हातातून फरशीवर पडलेला सेन्सर टाकून दिलेला बरा. (काही गाड्यांत हा सेन्सर एअरबॅगच्या डब्यातच असतो. त्याला चावी चालू ठेवून हात लावायचा नाही. घरी प्रयोग करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) मग शून्य शिकवायला गाडी सपाट हवी, आणि गॅरेजची फरशी गटाराकडे उतरती. मेस्त्रींनी कोपऱ्यातून पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली, गवंड्यांचीच, आणि चारही चाकांपाशी पाण्याची पातळी जुळेपर्यंत दोन चाकांखाली फळ्या सरकवल्या. लाखो रुपयांच्या गाडीचं शून्य दहा फुटी प्लॅस्टिकच्या नळीनं ठरलं.

चाचणीला अटल सेतू इथून पाच मिनिटांवर आहे, पण तिथे गाडी थांबवता येत नाही आणि सरळ रस्त्यावर हा सेन्सर जवळपास गप्पच असतो. आम्ही बंदराकडच्या एका मोकळ्या आवारात गेलो. दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ, ताशी १८ किलोमीटर. गणितानं २.५ यायला हवं. उजवीकडे २.५, डावीकडे उणे २.५, दशांशाच्या फरकानं. तिरका असता तर ३.२ आणि उणे १.८ आलं असतं. दिवा विझलेलाच राहिला.

परत येताना गाडी सरळ चालली होती. मेस्त्री स्क्रीनकडे बघत होते. आडवं त्वरण शून्याच्या आसपास, फिरण्याचा वेग शून्य, चारही चाकं सारखी. फक्त स्टिअरिंगचा कोन तीन अंश डावीकडे.

"अलाइनमेंट कधी केलं होतं?" त्यांनी मालकांना विचारलं.

मालक खिडकीबाहेर बघायला लागले. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुढच्या आठवड्यात.