यंत्राच्या आधी दप्तर

सरकारी कचेऱ्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव होऊ लागल्यापासून 'यंत्र चुकले तर काय?' असा प्रश्न वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण यंत्राच्या हाती आपण जो कागद देतो, तो खरा आहे हे पाहायचे कोणी, हा प्रश्न आम्हांला अधिक निकडीचा वाटतो.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. डोंबिवली परिसरातील 65 इमारतींची हकीकत आपणांस ठाऊक आहेच. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बांधकाम परवानगीचे बनावट कागद तयार झाले, ते महारेराकडे गेले आणि त्यांवर नोंदणी क्रमांकही मिळाले. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे परवानगीची प्रत विकासकानेच प्रतिज्ञापत्रासह सादर करायची असते. म्हणजे परीक्षार्थ्यानेच आपली गुणपत्रिका आणून द्यायची! घर घेणाऱ्याने क्रमांक पाहिला, तो सरकारी संकेतस्थळावर होता. बिचाऱ्याने आणखी काय पाहायचे? नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला, आणि ज्यांचा दोष सर्वांत कमी, त्या कर्ज काढून राहायला आलेल्या कुटुंबांवर संकट कोसळले.

आता येथे यंत्र बसवून पाहू. गृहप्रकल्पांच्या जाहिराती शोधून तपासण्याच्या कामी महारेराने कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतलेच आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर यंत्र ते चटकन हेरते. पण या इमारतींना क्रमांक होता! यंत्राने त्यांना बिनबोभाट पुढे सोडले असते, वर 'यंत्राने तपासले' असा आणखी एक शिक्का बसला असता.

उपाय जुन्या कारकुनालाही सुचेल असा आहे. कागद ज्या कचेरीने दिला, तिच्याकडूनच तो मागवावा. महापालिकेच्या जावक नोंदवहीत जे नाही, ते परवानगीपत्रच नव्हे. स्थानिक संस्थांनी परवानगीची प्रत थेट ई-मेलने पाठवावी, अशी व्यवस्था महारेराने 2023 मध्ये केली. उशिरा, पण केली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र कायदा आपल्या देशात अद्याप नाही. तो होईल तेव्हा होवो. नोंद कोणी केली, कोणी बदलली आणि चुकीला जबाबदार कोण, एवढे नियम राज्य सरकारला आपल्या दप्तरांपुरते आजही करता येतील.

हे प्रकरण उजेडात आले ते एका वास्तुविशारदाने माहितीच्या अधिकारात कागद मागवले म्हणून. त्या अधिकाराला आता थोडी कात्री लागली आहे. वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असे पूर्वी अधिकाऱ्याला म्हणावे लागे. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने ते कलम बदलले आणि नोव्हेंबर 2025 पासून 'माहिती वैयक्तिक आहे' एवढेच कारण पुरते. व्यापक जनहिताची वाट तेवढी दुसऱ्या कलमात उरली आहे. आपले आजारपण, आपले बँक-खाते झाकलेलेच असावे. परंतु परवानगीपत्रावर कुणाचे नाव आहे म्हणून ते खासगी ठरवून आपला अर्ज कोणी फेटाळला, तर स्वस्थ बसू नये. पहिल्या अपिलाला 30 दिवसांची मुदत असते.