आगीची वाट पाहणाऱ्या बिया



'वणव्याचे परिणाम लिहा' या प्रश्नाचं उत्तर चौथी-पाचवीच्या मुलांना पाठ असतं. झाडे जळतात, प्राणी-पक्षी मरतात, जमिनीची धूप होते. आपल्या सह्याद्रीपुरतं हे उत्तर बरोबरच आहे. पण जगात असेही प्रदेश आहेत जिथे खूप वर्षं आग लागलीच नाही, तर काही झाडं त्या जागेवरून नाहीशी होतात. हे सांगितलं की मुलं लगेच दुसरं टोक गाठतात, "म्हणजे वणवा चांगला!" म्हणून हा विषय आपण आधी नीट समजून घ्यावा आणि मगच वर्गात न्यावा.

उदाहरण घेऊ दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाचं, म्हणजे केप टाऊनच्या आसपासच्या डोंगरांचं. मुलांना ओळख क्रिकेटवरून करून देता येते. त्यांच्या संघाला 'प्रोटीआज' म्हणतात ना, तो प्रोटीया म्हणजे इथलंच फूल. किंग प्रोटीया हे त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. या केप प्रदेशाचं क्षेत्र महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी, पण तिथे वनस्पतींच्या सुमारे ९००० जाती आहेत. त्यातल्या जवळजवळ ७० टक्के जगात दुसरीकडे कुठेही आपोआप उगवत नाहीत. इथल्या झुडपी रानाला 'फाइनबॉस' म्हणतात.

तिथेही पाऊस मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये पडतो, पण तेव्हा त्यांचा हिवाळा असतो. उन्हाळा कोरडा आणि वाऱ्याचा. जमीन निकस. वाळलेला पाला लवकर कुजत नाही, साचत राहतो. मग साधारण दहा ते तीस वर्षांतून एकदा तो पेटतो आणि पानांत अडकलेली खनिजं राखेतून मातीत परततात.

झाडं ही आग कशी निभावतात, ते मुलांना फार आवडतं. किंग प्रोटीयाचा जमिनीखाली जाड गड्डा असतो. वरचं सगळं जळालं तरी त्यातून नवे धुमारे फुटतात. प्रोटीयाच्या इतर अनेक जाती मात्र आगीत मरतात. त्यांच्या बिया वर्षानुवर्षे झाडावरच घट्ट मिटलेल्या बोंडांत असतात. झाड जळालं की बोंडं उघडतात आणि बिया मोकळ्या राखेवर पडतात. तिथे सावली धरणारं कुणी उरलेलं नसतं.

काही झुडपांनी तर हे काम मुंग्यांवर सोपवलंय. बीवर थोडा तेलकट गर असतो. त्या लोभाने मुंग्या बी बिळात ओढून नेतात, गर खातात आणि बी तिथेच टाकून देतात. उंदरांपासूनही वाचलं, आगीपासूनही! काही बियांना तर धुराचीच खूण लागते. हे तिथल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. त्यानंतर केप टाऊनच्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात बागवाल्यांसाठी धुराचा अर्क मुरवलेले कागद विकायला ठेवले गेले. कागद पाण्यात टाकायचा आणि त्यात बिया भिजवायच्या.

आता जैवविविधतेचा मुद्दा. आगीनंतर पहिली काही वर्षं मोकळ्या उजेडात कंदवर्गीय आणि छोटी फुलझाडं बहरतात. 'फायर लिली' तर दोनेक आठवड्यांतच फुलते. हळूहळू झुडपं उंच होतात, खाली सावली पडते आणि छोटी मंडळी कंद किंवा बी होऊन मातीत थांबतात, पुढच्या आगीपर्यंत. एकाच इमारतीत सकाळची आणि दुपारची शाळा भरते ना, तसंच. एका जागेत इतक्या जाती मावतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

पण सगळ्यांनाच आग मानवते असं नाही. तिथल्याच सेडरबर्ग डोंगरातला क्लॅनविल्यम सीडर हा वृक्ष आगीत मरतो, वाढतोही फार सावकाश. आज तो नष्ट होण्याच्या काठावर आहे. बाहेरून आणलेल्या पाइनसारख्या झाडांमुळे जळण वाढतं आणि आग नेहमीपेक्षा जास्त भडकते. शिवाय आता डोंगराला लागून वस्ती आहे. एप्रिल २०२१ मध्ये टेबल माउंटनच्या उतारावरची आग केप टाऊन विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयापर्यंत पोचली होती.

आपल्याकडे यातलं काय लागू होतं? सह्याद्रीत वीज येते ती बहुधा पावसासोबत, त्यामुळे आपोआप लागणारी आग विरळाच. फाल्गुन-चैत्रातले वणवे बहुतेक माणसांनी लावलेले असतात. चांगलं गवत यावं म्हणून, मोहाखालची जागा साफ व्हावी म्हणून, कधी नुसती विडी टाकल्याने. तोच उतार दरसाल जळाला तर रोप झाड होण्याइतकं वाढूच शकत नाही. प्रोटीयालाही दरसालची आग सोसली नसती.

वर्गात यासाठी वहीचा चौकटीचा कागद पुरतो. एक चौकट म्हणजे एक वर्ष. प्रोटीयाला पहिलं बी धरायला पाच वर्षं लागतात असं मानायचं आणि तीन पट्ट्या आखायच्या: आग दर तीन वर्षांनी, दर पंधरा वर्षांनी आणि शंभर वर्षांत एकदाही नाही. कोणत्या पट्टीवर झाड टिकेल, ते मुलांनी शोधायचं. पहिल्या दोन पट्ट्या मुलं पटकन सोडवतात, तिसरीवर अडतात. आग नाही तर झाड का मरेल? म्हातारं होऊन मरेल. आणि मिटलेली बोंडं त्याच्याच अंगावर असतात.