बोंडूचा रस, उराक आणि फेणी

मुंबई-गोवा महामार्गावरून विजयदुर्ग आणि गगनबावड्याकडे जाणारे रस्ते जेथे फुटतात, त्या सिंधुदुर्गातील तळेरे परिसरात उन्हाळ्याच्या तोंडावर काजू पिकतो. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या या झाडाची बी बाजारात जाते, मात्र तिला जोडलेले रसाळ बोंडू, म्हणजे वस्तुतः फुगलेला देठ, बहुतांशी वाया जाते. गोव्यात याच बोंडांचा रस आंबवून भट्टीवर उकळला की पहिल्या ऊर्ध्वपातनातून, म्हणजे वाफ थंड करून गोळा करण्याच्या क्रियेतून, सुमारे १५ टक्के मद्यार्काचा उराक निघतो, आणि तो आंबवलेल्या रसासह पुन्हा गाळला की ४० टक्क्यांहून अधिक तीव्र अशी फेणी मिळते. उराक मोसमापुरताच असल्याने लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून तो पिण्याची वाट पाहणारे रसिक फेणीच्या उग्र दर्पाला नाक मुरडतात, तर फेणीवाल्यांना उराक पोरकट वाटतो. हा वाद न मिटण्यातच त्याची गंमत आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु ते गोव्यापुरते. सिंधुदुर्गात बोंडू तेच असले तरी विनापरवाना गाळणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा ठरते.