तिरपी शिवण आणि चांदणीची गोधडी

उन्हाळ्यात शेतातली कामे सरली की वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरकडच्या गावांत अंगणात गोधड्या पसरतात. जुनी लुगडी, धोतरे, पोरांचे फाटके सदरे यांतूनच आपल्या आया-आज्यांनी घराला ऊब दिली. चौकोनी ठिगळांची गोधडी आपल्याकडे कुणी ना कुणी शिवतेच. पण ठिगळ त्रिकोणी झाले की हात अडखळतो. चांदणी वाकडी येते, टोके बोथट होतात, मधला भाग पुरीसारखा फुगतो. मग "हे आपलं काम नव्हे" म्हणून कापड गुंडाळून ठेवले जाते. भगिनींनो, दोष हाताचा नसतो. कापडाचा स्वभाव कुणी समजावून सांगितलेला नसतो, एवढेच.

कापड तिरपे का ताणते?

सुती कापडाचा तुकडा उभ्या धाग्याने ओढून पाहा, फारसा ताणत नाही. आडव्या धाग्याने थोडा ताणतो. आता तोच तुकडा कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढा. तो रबरासारखा लांबतो. कारण तिरप्या ओढीत धागा लांबत नाही, तर उभ्या-आडव्या धाग्यांची चौकट शंकरपाळ्यासारखी कलते. त्रिकोण कापला की त्याची एक बाजू तिरपीच येते. शिवताना तीच बाजू हातात वा मशीनखाली ओढली जाते आणि चांदणी फुगते.

म्हणून उपाय असा की, तिरपी बाजू मोकळी सोडायचीच नाही. आधी शिवायचे, मग कापायचे.

चांदणी अशी शिवा

बाळासाठी तीन फूट बाय तीन फुटांची गोधडी धरू. तिच्यात एक-एक फुटाच्या 9 चांदण्या बसतात. एका चांदणीत 9 घरे: मध्ये एक गडद चौकोन, चार कोपऱ्यांत फिकट चौकोन आणि चार बाजूंना अर्धे गडद-अर्धे फिकट चौकोन.

साधे चौकोन साडेचार इंचांचे कापा, म्हणजे चारही बाजूंनी पाव इंच माया सोडून चार इंचांचे घर उरते. पूर्ण गोधडीला असे 9 गडद आणि 36 फिकट लागतील. दुरंगी घरांसाठी पाच इंचांचे 18 गडद आणि 18 फिकट चौकोन कापा. कापड आधी धुवून, वाळवून घ्या. नवे सुती कापड धुतल्यावर आटते. सुती आणि पॉलिएस्टर एका चांदणीत मिसळू नका.

पाच इंचांचा एक गडद आणि एक फिकट चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा. वर खडूने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारा. रेघेवर शिवू नका. रेघेच्या दोन्ही अंगांना पाव-पाव इंचावर दोन शिवणी घाला आणि मग रेघेवर कापा. उलगडले की एका जोडीतून दोन दुरंगी चौकोन मिळतात. 18 जोड्यांतून 36, म्हणजे 9 चांदण्यांना पुरेसे. इस्त्री वरून दाबा, फिरवू नका. फिरवली की तिरपी शिवण ताणते. आतली माया गडद रंगाकडे वळवा. कोपऱ्याशी बाहेर आलेले कान छाटा आणि चौकोन मोजून साडेचार इंचांचा करा.

आता घरे तीन-तीनच्या तीन ओळींत मांडा. प्रत्येक गडद त्रिकोणाची एक पूर्ण बाजू मधल्या गडद चौकोनाला टेकली पाहिजे, आणि चारही त्रिकोण भिंगरीच्या पात्यांसारखे एकाच दिशेने वळले पाहिजेत. मांडणी डोळ्यांनी पटल्यावरच शिवा. दोन ओळी जोडताना एकीची माया उजवीकडे आणि दुसरीची डावीकडे वळवा. सांध्यात कापडाचा गोळा होत नाही आणि टोकाला टोक भिडते.

माया मात्र सगळीकडे सारखी हवी. या गोधडीत आडवी 9 घरे, म्हणजे 8 शिवणी. पाव इंचाऐवजी तीन सूत माया घेतली, तर एका शिवणीत दोन्ही बाजूंचे मिळून दोन सूत जातात. 8 शिवणींत 16 सूत, म्हणजे गोधडी दोन इंच आखूड!

भिक्खूंनाही हीच अडचण आली होती

भगवान बुद्धांनी मगधातली बांधाबांधांची शेते आनंदाला दाखवली आणि तसे चीवर शिवता येईल का, असे विचारले. आनंदाने ते शिवले. ही हकीकत विनयपिटकाच्या महावग्गात आहे. चुल्लवग्गात तर शिवणकामाच्या बारीकसारीक अडचणी आहेत. बोटाला सुई टोचते, म्हणून अंगुस्तानाची परवानगी मिळाली. शिवण वाकडी जाते, म्हणून खुणेच्या दोऱ्याची. त्याला मोघसुत्तक म्हणत. अट्ठकथेत त्याचा अर्थ हळदीच्या दोऱ्याने आखणे असा दिला आहे. चीवर ताणून धरण्याच्या चौकटीला कठिन म्हणत. शिवण वाकडी गेली म्हणून तिथे कुणी कुणाला हिणवले नाही. शिवण सरळ जाण्याची सोय केली.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळाला मेलेल्याची वस्त्रे नेसायला लावली. भिक्खूंनी टाकलेल्या चिंध्या स्वतः वेचल्या, धुतल्या, रंगवल्या आणि त्यांचे चीवर केले. चिंधी तीच, एकीकडे लादलेली, दुसरीकडे पत्करलेली. आपल्या आजीने फाटक्या लुगड्याची गोधडी केली, तेव्हा तिनेही चिंधीला मानाची जागा दिली.

कष्टाचा हिशेब मांडा

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड ही काळ्या लोकांची वस्ती आहे. गुलामांचे हे वंशज. इथल्या बायका शेतात वापरून विटलेल्या विजारींच्या गोधड्या शिवत. मतदानाचा हक्क मागू लागल्यावर 1962 साली नदीपार जाणारी त्यांची फेरीबोट बंद झाली. ती 2006 साली पुन्हा सुरू झाली. 1966 साली त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढून गोधड्या विकल्या. पुढे 2002 साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि 2006 साली टपाल तिकिटांवर आल्या.

आपल्याकडे गोधडी शिवून देणाऱ्या बाईला "चिंध्या तर आमच्याच आहेत" असे ऐकवले जाते. कापड त्यांचे असेल, पण डोळे, पाठ आणि दिवस कुणाचे? म्हणून पहिल्या टाक्यापासून वहीत तास लिहा. आठ तासांचा एक रोज धरा. शेतातल्या मजुरीच्या दराने गुणा, त्यात दोरा आणि अस्तर मिळवा. जो आकडा येईल तो गोधडीचा खरा खर्च. त्याखाली उतरायचे नाही, हे बचत गटातल्या बायांनी मिळून ठरवावे. एकटीने सांगितलेला भाव पाडला जातो, दहाजणींनी मिळून सांगितलेला पाडणे अवघड जाते.

हिशेब मुलीकडून लिहून घ्या, शिवण तिला शिकवा. शाळेत शिकलेला त्रिकोण तिला गोधडीत सापडेल आणि आईच्या हातात किती शिक्षण आहे, तेही तिला कळेल.