गडाच्या वाटेवरची तळी

दिवाळी उरकली की आमच्या घरात दरवर्षी एकच चर्चा सुरू होते – यंदा कुठे जायचं? वन्संनी काश्मीर केलेलं, शेजारच्या वहिनी लडाखला जाऊन आलेल्या. पँगाँग तळ्याचे त्यांचे फोटो पाहून आमच्या कन्येनं तर जाहीरच करून टाकलं, "आपणही उंचावरची तळी बघायची. आणि आपल्या गाडीनं!" ह्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला आणि दहा मिनिटांत कागदाची घडी करून खिशात घातली. शिवाय तिथली ती चौदा हजार फुटांच्या आसपासची विरळ हवा! सासूबाईंना पंचाहत्तरावं लागलेलं, घरचा जिना चढतानाच त्यांना धाप लागते. त्यांना मागे ठेवून जायचं कुणाच्याच मनात नव्हतं.

"तळी आणि दऱ्याच ना? त्या काय दिंडोरी तालुक्यात कमी आहेत?" हे चेष्टेनं म्हणाले. मुलगी फुरंगटून बसली. मी मात्र ते वाक्य मनात धरलं. ही गोष्ट २०२२ च्या डिसेंबरातली.

मैत्रिणींनो, खरं सांगते, दिंडोरीत सून म्हणून आले त्याला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती आणि या काळात सप्तशृंगीच्या गडावर किती वेळा गेले असेन त्याची मोजदाद नाही. पण जाणं कसं? पहाटे उठून डबे भरायचे, गाडीत डुलक्या काढायच्या, रांगेत उभं राहून ओटी भरायची आणि रात्रीच्या स्वयंपाकाला घरी हजर! वाटेत डोंगर आहेत हे ठाऊक, मध्येच कुठे पाणी चमकतं हेही ठाऊक. थांबून ते पाहावं असं कधी सुचलं नाही.

पावसाळ्यात वर्तमानपत्रात धरणसाठ्याचा तक्ता छापून येतो. आपण त्यावर भाजी निवडतो! तो एकदा नीट वाचून पाहा. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड, पुणेगाव, तिसगाव – ही सहाच्या सहा धरणं आमच्या एका तालुक्यातली. डोंगरातून उतरणाऱ्या कादवा, कोळवण, उनंदा अशा नद्यांवर बांधलेली. सगळ्यांत मोठं करंजवण, ५,३७१ दशलक्ष घनफुटांचं. त्याखालोखाल वाघाड २,३०२ आणि ओझरखेड २,१३०. बाकीची लहान. कादवा पुढे नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. पक्ष्यांचं अभयारण्य आहे ना, तेच ते ठिकाण. २०२० साली महाराष्ट्रातून पहिल्यांदा रामसर यादीत गेलं ते हेच.

बेत दोन दिवसांचा ठरला. पहिल्या दिवशी गड आणि तिथंच मुक्काम, दुसऱ्या दिवशी सापुतारा करून परत. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "करंजवणवरून जाता यील का रं?"

ह्यांनी नकाशातून मान वर न करता सांगितलं, "येताना बघू, आई." आमच्या घरात 'येताना बघू' याचा अर्थ 'नाही' असा असतो, हे सासूबाईंना माझ्याइतकंच माहीत आहे. त्या गप्प बसल्या.

सासूबाईंचं माहेर करंजवणच्या पाण्याखाली गेलेलं. धरण पुरं झालं १९७४ साली. त्याच्या सहा-सात वर्षं आधी त्या लग्न होऊन दिंडोरीला आल्या होत्या. घर, विहीर, वावर सगळं पाण्यात गेलं, भाऊ दुसरीकडे जमीन मिळाली तिथं गेले. आपण "माझं माहेर निफाडचं" म्हणतो ना, तितक्याच सहजपणे त्या "माझं माहेर पाण्यातलं" असं म्हणत आल्या. ऐकून ऐकून आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. दिंडोरीपासून इतक्या जवळ, पण तिकडे त्यांना कुणी नेलं नव्हतं. मीही नाही!

तयारीचं थोडक्यात सांगते, कारण अशा सहलीत निम्मी मजा तयारीवरच असते. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या केल्या, थंडीत त्या दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं. तळलेलं काही नेलं नाही. घाटात ज्यांना मळमळतं त्यांना तळलेलं आणि रिकामं पोट, दोन्ही वाईट. निघण्याआधी तासभर अर्धी भाकरी खाऊन घ्यावी आणि पुढच्या सीटवर बसून लांब पाहावं. सासूबाईंसाठी एक उंच प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं, गुडघेदुखीच्या माणसाला जमिनीवर बसवू नये. त्यांच्या गोळ्या डिकीतल्या पिशवीत न ठेवता माझ्या पर्समध्ये ठेवल्या. सासूबाईंनी आपली पिशवी स्वतःच भरली. तिच्यात दोन नारळ आणि ओटीचे दोन खण होते. मला वाटलं, एक जास्तीचा असावा.

सकाळी आठला निघालो. बागांमधले द्राक्षांचे घड अजून हिरवेच होते, गोडी भरायला महिना तरी होता. याच वणी-दिंडोरीच्या मुलखात १७ ऑक्टोबर १६७० ला, सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगली फौजेचा पराभव केला, हे चिरंजीवांनी पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं. "मग लढाई नेमकी कुठल्या वावरात झाली?" या माझ्या प्रश्नाला मात्र पुस्तकात उत्तर नव्हतं. ओझरखेडच्या पाण्याशी गाडी थांबवली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच! पाणी तुडुंब होतं आणि पलीकडे सातमाळ्याची रांग – अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या अशी एकामागं एक. मुलीनं मोबाईल बाहेर काढला. काही बोलली नाही, पण फुरंगटणं तिथंच संपलं.

नांदुरीपासून गडावर दहा किलोमीटरचा घाट. चिरंजीव मागच्या सीटवर मान खाली घालून मोबाईलवर खेळत बसले होते, त्याचं फळ तिसऱ्या वळणावर मिळालं! गाडी धुतली, त्याला पुढं बसवलं, आवळासुपारी दिली, मग वरपर्यंत ठीक. ह्यांचा एक नियम मला फार पटतो: घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे लोक ब्रेक तापवून बसतात. आणि एक, नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या वर सोडत नाहीत, नांदुरीहून एस. टी.नंच जावं लागतं. म्हणूनच आम्ही डिसेंबर निवडला.

गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे सासूबाईंना पायऱ्यांची धास्ती राहिली नव्हती. उमाबाई दाभाड्यांनी बांधलेल्या पायऱ्या ह्या, असं सांगून मी मात्र मुलांना चढूनच नेलं. वर जाईपर्यंत धाप लागली ती माझीच! देवीचं रूप त्या वर्षी आम्हाला सगळ्यांनाच नवं होतं. वर्षानुवर्षं चढलेला शेंदराचा थर २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर बंद ठेवून काढला आणि खडकात कोरलेली मूळ अठरा हातांची मूर्ती दिसू लागली. केवढी उंच! तिला साडी अकरा वारी लागते आणि चोळीला तीन खण. मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगताहेत आणि ती कान देऊन ऐकते आहे, असं म्हणतात. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "आता डोळं नीट दिसत्यात," म्हणाल्या.

दर्शन झालं की लोक लगेच खाली पळतात. आम्ही थांबलो, म्हणून शिवालय तीर्थ निवांत पाहिलं. खरं म्हणजे आमच्या सहलीतलं सगळ्यांत उंचावरचं तळं हेच. शीतकड्यावरून खालची दरी पाहिली. पोटात गोळा येतो, मुलांचा हात सोडू नका. तिथं ह्यांनी एक गोष्ट सांगितली. या डोंगररांगेच्या दक्षिण अंगाला पडलेला पाऊस कादवेतून गोदावरीला जातो, राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागराला. उत्तर अंगाला पडलेला गिरणेतून तापीला, सुरतेवरून अरबी समुद्राला. एकाच आईच्या दोन मुली देशाच्या दोन टोकांना दिल्यासारखं! गिरणेवर चणकापूरचं धरण आहे, १९११ सालचं. अभोण्याकडे वळलात तर तेही पाहून घ्या, आम्हाला वेळ झाला नाही. मुक्काम भक्तनिवासात केला. रात्री थंडी अशी की दोन शाली कमीच पडल्या.

दुसरा दिवस सापुताऱ्याचा. वणीवरून बोरगाव, मग हातगडाच्या पायथ्यावरून वर गुजरातेत. वाटेत रस्त्याकडेला सुरगाण्याकडच्या बायका टोपल्यांत स्ट्रॉबेरी घेऊन बसलेल्या, हंगाम नुकता सुरू झालेला. घासाघीस करू नका, पहाटे चारला उठून तोडलेली असतात. एका झोपडीवजा हॉटेलात नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा खाल्ला. सगळ्या सहलीतलं सर्वांत चविष्ट जेवण तेच. सापुताऱ्याबद्दल माझं मत विचाराल तर तळं छान आहे, पण होड्या, घोडे, मक्याची कणसं आणि गर्दी यांतून ते शोधावं लागतं. मुलांनी होडीची हौस भागवली.

परतीला वणी सोडली तेव्हा साडेचार वाजले होते. ह्यांचे डोळे तांबारलेले, मुलगा पेंगलेला, सासूबाई खिडकीबाहेर पाहत बसलेल्या. करंजवणकडे वळायची वाट जवळ आली तशी त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. बोलल्या मात्र काहीच नाहीत. गाडीचा वेग कमी होईना तेव्हा मीच म्हटलं, "अहो, वळवा."

"उशीर होईल. उद्या ऑफिस आहे. पुन्हा कधीतरी मुद्दाम येऊ."

"चोवीस वर्षं मी हेच ऐकतेय. त्यांनी तर पन्नास वर्षं ऐकलंय. वळवा."

मुलांसमोर मी असं कधी बोलत नाही. क्षणभर गाडीत कुणी श्वास घेतला नाही. मग गाडी वळली.

ऊन कलतं होतं. पाणी काठोकाठ, त्यामुळे बघायला तसं काहीच नव्हतं. ना घर, ना विहीर. नुसतं पाणी आणि पलीकडे डोंगर. स्टूल मांडलं, पण सासूबाई बसल्या नाहीत. डोळ्यांवर हात धरून त्यांनी डोंगराची एक सोंड शोधली, तिच्यावरून बोट खाली आणलं आणि पाण्याच्या मध्यावर थांबवलं. "तिढं. तिढं व्हतं वावर. हिरीवर मोठं आंब्याचं झाड." नातीनं विचारलं, "आजी, रडू येतंय का?" त्या म्हणाल्या, "आता कशाला? तवा रडून झालं." पिशवीतून दुसरा खण निघाला. काठावरच्या दगडाला हळदकुंकू लावून त्यांनी त्या दगडाची ओटी भरली. नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर खोबरं दिलं.

तिकडे हे मुलाला पाण्याचा प्रवास समजावून सांगत होते: इथून सोडलेलं पाणी कादवेतून पालखेडच्या बंधाऱ्यात जातं, तिथून डाव्या कालव्यानं निफाडकडे, येवल्याकडे, आणि मनमाडच्या वाट्याचं पाणीही त्याच कालव्यानं.

मनमाड! मैत्रिणींनो, माझं माहेर मनमाडचं. लहानपणी पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी यायचं. त्या दिवशी शाळा नसे. पिंपं, हंडे, कळश्या, पातेली, अगदी वाट्यासुद्धा भरायच्या. 'पालखेडचं पाणी सुटलं का?' हे मोठ्यांच्या तोंडचं वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. पण ते पाणी पालखेडच्याही वरून कुठून येतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आणि इथं चोवीस वर्षं एका चुलीवर रांधलेल्या आम्ही दोघी!

त्यांना सांगावं की नाही, मला कळेना. त्यांच्या पाण्यात गेलेल्या विहिरीशेजारी उभं राहून, 'त्यामुळे आमची पिंपं भरली' असं कसं म्हणायचं? पण राहवलं नाही, सांगितलं.

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी तू माझ्या माहेरचं पाणी पिऊन मोठी झालीस?"

"हो, आई."

"गोड व्हतं का?"

"गोड होतं."

"आमच्या हिरीचंबी गोडच व्हतं," त्या म्हणाल्या आणि मग स्टुलावर बसल्या. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच होतो. निघू या, असं ह्यांनी एकदाही म्हटलं नाही.

नऊ वाजता घरी पोचलो. मुगाची खिचडी टाकली, उरलेली चटणी संपवली. करंजवणहून थेट मनमाडपर्यंत जलवाहिनीचं काम पुढे सुरू झालं, त्याची बातमी सासूबाईंनी नातीकडून दोनदा वाचून घेतली. पण ते नंतरचं. त्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे भिजवत होते, तेव्हा त्या फोन घेऊन आल्या. "विहीणबाईंला लाव."

इतक्या वर्षांत त्यांनी सणावारापलीकडे माझ्या आईशी फोनवर बोलल्याचं मला आठवत नाही. मी नंबर लावून दिला. मोठ्या आवाजात त्यांचं पहिलंच वाक्य ऐकू आलं, "काय वं विहीणबाई, पाणी आलं का?"

आईनं काय उत्तर दिलं ते मला बाथरूममधून ऐकू आलं नाही. सासूबाई म्हणत होत्या, "परवा? मंग भरून ठिवा नीट. काल पाहून आले मी. लय हाय."