‘फिल्टर आहे ना!’

“भांडुपला एवढा मोठा प्रकल्प आहे, पाणी तिथं शुद्ध होतंच. मग तलावांभोवतीची जंगलं कशाला राखायची?” मुंबईत हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय, की उत्तर देताना आता आवाज चढतो.

शुद्धीकरण प्रकल्पात काय होतं? तुरटीसारखी रसायनं टाकून गढूळपणाच्या गुठळ्या करतात, त्या तळाशी बसवतात, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि क्लोरीन देतात. गाळ आणि बहुतेक जंतू यानं जातात. विरघळलेलं नायट्रेट मात्र वाळू अडवत नाही. अनेक कीटकनाशकंही तशीच पार होतात. पाण्यात सेंद्रिय घाण वाढली, तर क्लोरीनही जास्त लागतं आणि दोघांच्या संयोगातून ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगं तयार होतात. म्हणून ही घाण तलावात येण्याआधीच अडवायला भोवतीचं जंगल हवं.

पटत नाही? मग अमेरिकेतलं मिलवॉकी बघा. १९९३ साली क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तिथल्या प्रकल्पातून निसटून नळांत पोचला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या १९९४ च्या अभ्यासाचा अंदाज : ४ लाख ३ हजार आजारी. गाळणी होती, क्लोरीनही होतं! उलट न्यूयॉर्क शहर आपलं बहुतांश पाणी गाळतच नाही, फक्त निर्जंतुक करतं. कॅट्सकिल-डेलावेअर पाणलोटातली जमीन विकत घेणं, शेतीचं आणि सांडपाण्याचं प्रदूषण रोखणं यावर ते पैसा ओततं. गाळणी न बसवण्याची सूट मिळाली आहे ती याच अटीवर.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू.

“मुंबईत धो धो पाऊस, मग पाणीकपात कशी?” मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. अंधेरी तुंबली म्हणून तिकडचा भातसा जलाशय भरत नाही.

“नितळ आहे, म्हणजे चांगलं.” नायट्रेटला रंगही नाही, वासही नाही.

“उकळलं की झालं.” जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं, वाफ गेल्यावर प्रमाण उलट वाढतं.

“पवई भरला, चिंता मिटली!” नाही हो. १८९० साली बांधलेल्या या तलावात आज सांडपाणी आणि जलपर्णी आहे. त्याचं पाणी पिण्यायोग्य नसल्यानं महापालिका ते मुख्यतः उद्योगांना देते. जवळच्याच विहार तलावाभोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, आणि १८६० साली बांधून झालेल्या त्या तलावाचं पाणी मुंबई आजही पिते.