अब्रू गेली ती कोणाची?

एखाद्या व्यापाऱ्यास वाटेंत लुटलें, तर सारें गांव त्याच्याविषयीं हळहळतें, चोराचा माग काढतें, आणि त्या व्यापाऱ्याच्या घरची ठरलेली सोयरीक मोडावी असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु बलात्कार झाला कीं सर्व न्याय उलटा फिरतो. 'अब्रू गेली' असें आपण म्हणतों, आणि ती गेली असें ठरवितों ती मात्र जिच्यावर जुलूम झाला तिची! ज्यानें जुलूम केला तो दुसऱ्या दिवशीं चावडीवर उजळ माथ्यानें बसतो. ही उफराटी समजूत जोंपर्यंत समाजांत जिवंत आहे, तोंपर्यंत कायद्याचीं शंभर कलमेंहि अपुरीं पडणार, हें आम्हीं आज स्पष्ट बोलूं इच्छितों.

ही समजूत केवळ अडाण्यांची आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. ती न्यायासनापर्यंत पोंचली होती. २६ मार्च १९७२ च्या रात्रीं तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, देसाईगंजच्या पोलिसठाण्यांत, एका आदिवासी अल्पवयी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद दाखल झाली. खटला तिच्या नांवानें प्रसिद्ध आहे. तें नांव येथें छापण्याचें प्रयोजन नाहीं. १९७४ सालीं सत्र न्यायालयानें आरोपी पोलिसांस सोडलें. १९७६ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें दोषी धरलें. आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां निर्दोष ठरविलें. अंगावर जखमा नाहींत, म्हणजे प्रतिकार झाला नाहीं, असा तो विचार! रात्रीची वेळ, दार बंद, समोर सरकारी पोषाखांतील माणूस. अशा ठिकाणीं गरीब मुलीच्या मौनास संमति म्हणावयाचें, तर भीति हा शब्दच कोशांतून काढून टाकावा लागेल.

या निकालावर १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनीं सर न्यायाधीशांस खुलें पत्र लिहिलें. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. कोठडींतील बलात्काराच्या खटल्यांत स्त्रीनें 'माझी संमति नव्हती' असें शपथेवर सांगितलें, तर न्यायालयानें तें गृहीत धरावें, असें ठरलें. पीडितेचें नांव छापणें हा गुन्हा झाला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच सांगितलें कीं, पीडितेची साक्ष विश्वसनीय असेल तर दुसऱ्या पुराव्याची सक्ति नको, आणि फिर्यादीस उशीर झाला एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. म्हणजे न्यायासनानें आपली दृष्टि बदलली. आतां प्रश्न उरतो तो आमच्या ओसरीचा आणि आमच्या पेढीचा.

बीड जिल्ह्यापुरतें पाहूं. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता! राहणें कोपींत, दाराला कडी नाहीं. आंघोळ व शौच उघड्यावर, पहाटेच्या अंधारांत. अशा स्थितींत एखाद्या स्त्रीवर प्रसंग गुदरला, आणि ज्याच्याविरुद्ध तोंड उघडावयाचें त्याच्याच हातीं उचलीचा हिशेब असला, तर तिनें बोलावें कसें? ती बोलली तर तिची एकटीची मजुरी जात नाहीं; अवघा कोयता मोडतो, आणि कर्ज डोक्यावर राहतें. २०१९ सालीं सरकारी समितीसाठीं या जिल्ह्यांत जी पाहणी झाली, तींत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्याचें आढळलें. त्या आंकड्यांचा विषय निराळा आहे. परंतु खाडा पडूं नये म्हणून जेथें दुखणेंहि अंगावर काढावें लागतें, तेथें स्त्रीचा आपल्या देहावर कितीसा अधिकार उरतो, हें त्यांवरून कळतें.

दुसरी गोष्ट बालविवाहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरींत या जिल्ह्यांत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचें लग्न अठराव्या वर्षापूर्वीं झालेलें आढळलें. मुलीस मागें ठेवून जाण्याची भीति आईबापांस वाटते, म्हणून ते तिचें लग्न उरकतात. म्हणजे परक्याच्या भीतीनें तिला घरच्या जुलमाच्या हवालीं करतात. ऑक्टोबर २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, अठरा वर्षांखालील पत्नीशीं शरीरसंबंध हाहि बलात्कारच होय. नोव्हेंबर २०२१ मध्यें याच जिल्ह्यांतील एका अल्पवयी विवाहित मुलीनें शेंकडों पुरुषांनीं आपणांवर अत्याचार केल्याची फिर्याद दिली. आरोप एका पोलिसावरहि होता. पूर्वीं पोलिसांकडे जाऊनहि दाद लागली नाहीं, असें तिचें म्हणणें होतें. आरोपांचा निवाडा न्यायालयांचा. परंतु इतक्या माणसांच्या वावरण्याच्या जागीं एक पोर महिनोन्महिने बुडत राहावी आणि कोणासच कांहीं दिसूं नये, हा दोष कोणत्या न्यायालयाकडे ढकलावा?

कोणी म्हणतील, खोट्या फिर्यादीहि होतात. होत असतील, त्या पारखावयास न्यायालयें आहेत. पीडितेस पाणी देणें, डॉक्टराकडे नेणें, तिचें म्हणणें शांतपणें ऐकणें, यानें कोणास शिक्षा होत नाहीं. कोणी म्हणतील, गांवकीनें मिटवावें, चार पैसे द्यावे. हा दिवाणी दावा नव्हे. बलात्कारांत तडजोडीस मुळींच जागा नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं बजावलें आहे. मिटविणारे पंच अपराध्याचेच पाठीराखे होत.

मग नागरिकांनीं करावें काय? पहिलें, रुग्णालय. खासगी असो वा सरकारी, प्रत्येक रुग्णालयानें पीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. नाकारल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. कांहीं औषधें ७२ तासांच्या आंत सुरू झाल्यासच गुण देतात, म्हणून 'आधीं घरांत विचार करूं' हा विलंब घातक आहे. अंगावरचे कपडे धुऊं नयेत. 'दोन बोटांची' चांचणी हा गैरवर्तनाचा प्रकार होय, असें २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें आहे. दुसरें, फिर्याद. ती कोणत्याहि ठाण्यांत, हद्दीचा प्रश्न न काढतां, नोंदविलीच पाहिजे. नाकारणाऱ्या अंमलदारास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलांवरील अत्याचार ठाऊक असून न कळविणें हाहि २०१२ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तिसरें, आधार. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. अर्थसाहाय्य व वकील यांसाठीं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावें. १८१ हा क्रमांक स्त्रियांसाठीं व १०९८ हा मुलांसाठीं आहे. ते प्रत्येक दुकानाच्या फळीवर लिहिलेले असावेत.

आणि व्यापारी बंधूंस एक विशेष विनंति. ज्यांच्या पदरीं दहा वा अधिक माणसें कामास आहेत, त्यांनीं २०१३ च्या कायद्याप्रमाणें अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे; न नेमल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. लहान दुकानांतील व असंघटित कामांतील स्त्रियांस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागतां येते. ही गोष्ट जिनिंगांतील, आडतीवरील व फडावरील बायांस कोणी सांगितली आहे काय? वजनमापाचा कायदा आम्ही पाळतों. हाहि व्यवहाराचाच कायदा आहे.

महाराष्ट्रास हें काम नवें नाहीं. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें, आणि फसविल्या गेलेल्या विधवांस 'येथें या, सुखरूप बाळंत व्हा' असें सांगितलें. त्यांनीं त्या स्त्रियांस जाब विचारला नाहीं, दार उघडलें. आज शासनाचीं दारें कायद्यानें उघडलीं आहेत, परंतु त्यांपर्यंतच्या वाटेवर आपण उभे आहों, आपले प्रश्न, आपली कुजबूज घेऊन. स्वराज्य मिळालें तें १९४७ सालीं. बीडच्या संस्थानी रयतेस तें १९४८ सालीं लाभलें. पहाटेच्या अंधारांत फडाकडे निघालेल्या बाईच्या वांट्यास तें येईल, तो दिवस उजाडावयाचा आहे. तोंपर्यंत 'अब्रू गेली' हे शब्द ज्यास लागू पडतात, त्यासच ते लावण्याची संवय आपण जिभेस लावूं या.